कैलासाची प्रदक्षिणा आणि कॅमेऱ्याची चाल

वेरूळच्या सोळाव्या लेण्यासमोर उभं राहिलं तर कैलास मंदिर पुरतं दिसत नाही. समोर असते दगडात कोरलेली पडदीसारखी भिंत आणि तिच्या मधोमध दुमजली गोपुर. आत शिरलं की सावलीची अरुंद वाट लागते आणि तिच्या टोकाला थेट समोर येते गजलक्ष्मी, कमळांच्या तळ्यात बसलेली, वरून हत्ती पाणी घालताहेत अशी. इथे सरळ वाट संपते. डावीकडे नाही तर उजवीकडे वळावंच लागतं. वळलं की डोक्यावर एकदम आकाश उघडतं. उघड्या अंगणात दगडी हत्ती, उंच ध्वजस्तंभ आणि त्यांच्यामागे चढत गेलेलं शिखर दिसू लागतं.

आधी काय दिसावं, काय थोडा वेळ लपावं आणि पाय कुठे थांबावेत, याचा असा विचार आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात दगडात झालेला आहे. सिनेमात छायालेखक आणि संकलक हाच विचार करतात. म्हणून छत्रपती संभाजीनगरात राहून सिनेमा शिकू पाहणाऱ्याला मी सांगेन, की तुमच्या दाराशी दोन मोठ्या शाळा आहेत. कॅमेऱ्याची हालचाल शिकायला वेरूळ, शहरापासून जेमतेम तीस किलोमीटरवर. संकलन शिकायला अजिंठा, सुमारे शंभर किलोमीटरवर.

शहरात सिनेमाची आवड नवी नाही. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने इथे रंगकर्मींच्या पिढ्या घडवल्या. एमजीएम या संस्थेत चित्रपटकला शिकवली जाते आणि अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात जगभरचे सिनेमे इथल्या पडद्यावर पाहता येतात. शॉर्टफिल्म करणारी मुलंमुली आता गल्लोगल्ली आहेत. मोबाइल आहे, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल आहे, फुकटात मिळणारं एडिटिंगचं ॲप आहे. उणीव असते ती एका प्रश्नाची: कॅमेरा इथे का हलला आणि कट इथेच का आला? या प्रश्नाचं उत्तर देता येणं हीच या कलेची बाराखडी आहे.

वास्तू आणि सिनेमा यांचा हा संबंध थोर रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन याने फार पूर्वी ओळखला होता. १९३०च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका निबंधात त्याने अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर चालत जाणाऱ्या माणसाला काय काय क्रमाने दिसतं ते तपासलं आणि त्या रचनेला प्राचीन सिनेमाचं उदाहरण मानलं. सिनेमागृहात प्रेक्षक बसलेला असतो आणि दृश्यं त्याच्यापुढून जातात. वास्तूत दृश्यं जागेवर असतात आणि प्रेक्षक त्यांच्यामधून चालतो. कैलासाला हे जसंच्या तसं लागू पडतं. डोंगर वरून खाली कोरत नेऊन उघडलेलं हे अंगण साधारण ८२ मीटर लांब, ४६ मीटर रुंद, आणि मागचा कडा तीस मीटरहून उंच. एवढ्या जागेत उभं राहून सगळं एका नजरेत मावत नाही. फिरावं लागतं, मान वर करावी लागते, मागे सरावं लागतं.

या प्रत्येक क्रियेला सेटवर नाव आहे. जागेवर उभं राहून मान डावीउजवीकडे वळवली की पॅन. मान वरखाली केली की टिल्ट. शरीरासकट पुढेमागे किंवा कडेकडेने सरकलात की ट्रॉली. रुळांवरच्या गाडीवर कॅमेरा ठेवून हा शॉट घेतात म्हणून ते नाव. उंचावर जाणं किंवा उंचावरून उतरणं म्हणजे क्रेन किंवा जिब, आणि आता ड्रोन. कॅमेरा नुसता खांद्यावर किंवा हातात असला की हँडहेल्ड. नावं पाठ करायला अर्धा तास पुरतो. खरं शिक्षण त्यानंतरचं.

कैलासाच्या दक्षिण बाजूला, म्हणजे मंदिर उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घातली तर परतीच्या वाटेवर, रावणानुग्रहाचं प्रसिद्ध शिल्प आहे. खाली खोबणीत वीस हातांचा रावण पर्वत हलवतो आहे. वर पार्वती दचकून शिवाला बिलगली आहे, तिची एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे, आणि शिव मात्र शांत बसून पायाच्या दाबाने पर्वत स्थिर करतो आहे. आता हेच शिल्प टिल्टने चित्रित करायचं आहे असं समजा. कॅमेरा रावणापासून सुरू करून सावकाश वर नेला, तर आधी संकट दिसेल, मग भीती, आणि शेवटी शिवाच्या चेहऱ्यावर पोचल्यावर सगळा ताण विरेल. ही अभयाची गोष्ट झाली. उलट केलं, म्हणजे शिवापासून सुरू करून खाली आलात, तर शांत प्रसंग दिसेल, मग पार्वतीचं बिलगणं, मग पळणारी दासी. प्रेक्षक विचारेल, झालं काय? आणि शेवटी उत्तर म्हणून रावण सापडेल. ही रहस्याची गोष्ट झाली. शिल्प तेच, कॅमेऱ्याची जागा तीच, वेळही तितकाच, फक्त दिशा बदलली.

यातून हालचालीचा पहिला नियम हाती येतो. हालचालीला सुरुवात आणि शेवट, दोन्हीकडे बघण्यासारखं काही हवं. पॅन किंवा टिल्ट सुरू करण्याआधी कॅमेरा दोनतीन सेकंद स्थिर ठेवा, शेवटच्या चौकटीवरही तितकाच थांबवा. नवशिक्याचा पॅन बहुधा कुठूनतरी निघतो आणि कुठेही पोचत नाही. भिंतीवरून भिंतीकडे जातो. संकलकाच्या हाती असा शॉट आला की तो कापायला जागाच सापडत नाही, कारण स्थिर टोकंच नसतात.

वेगाचंही गणित आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. त्या वेगाला पॅन भरभर केला तर उभ्या रेषा, खांब, माणसं तुटक थरथरताना दिसतात. छायालेखकांचा जुना आडाखा असा, की एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेला आत आल्यापासून दुसऱ्या कडेने बाहेर जाईपर्यंत साधारण सात सेकंद लागले पाहिजेत. कैलासाच्या अंगणात तर पुढे स्तंभ, मागे कड्यातली ओसरी, तिच्यात पुन्हा खांब. इथे घाईचा पॅन लगेच पकडला जातो. जाता जाता आणखी एक आकडा लक्षात ठेवा: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून घरात किंवा दुकानात ट्यूबलाइटखाली चित्रण करताना शटर सेकंदाच्या एक पन्नासांशावर ठेवावं. नाहीतर उजेड फडफडतो किंवा चित्रावरून काळे पट्टे सरकतात.

ट्रॉली आणि झूम यांतला फरक मात्र पुस्तकात वाचून कळत नाही. त्यासाठी शहरातला बीबी का मकबरा गाठावा. प्रवेशद्वाराच्या कमानीपासून थोडं मागे, कमानीतून दूरचा घुमट दिसेल असं उभं राहा. आता जागेवरून झूम करा. कमान आणि घुमट दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठे होतील, त्यांच्यातलं नातं बदलणार नाही. मग झूम काढून टाका आणि पायांनी पुढे चालत जा. कमान झपाट्याने मोठी होईल, दोन्ही बाजूंनी चौकटीबाहेर निघून जाईल, आणि घुमट मात्र जवळपास आहे तेवढाच राहील. चालताना जवळच्या वस्तू लवकर बदलतात, दूरच्या हळूहळू. आपले डोळे आयुष्यभर हेच पाहत आलेले असतात, म्हणून ट्रॉली शॉटमध्ये आपण तिथे आहोत असं वाटतं. झूममध्ये कुणीतरी लांबून आपल्याला दाखवतं आहे असं वाटतं. दोन्हींचा उपयोग आहे, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. हिचकॉकने १९५८च्या ‘व्हर्टिगो’मध्ये दोन्ही एकाच वेळी उलटसुलट वापरले, आणि उंचीच्या भीतीने माणसाचं डोकं कसं गरगरतं ते प्रेक्षकाला अनुभवायला लावलं.

हलता कॅमेरा जवळपास सिनेमाइतकाच जुना आहे. १८९६ साली ल्युमिएर बंधूंच्या प्रोमियो नावाच्या छायालेखकाने व्हेनिसमध्ये गोंडोला नावेत कॅमेरा ठेवून काठावरच्या इमारती टिपल्या. त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएरांचे खेळ झाले आणि आपल्याकडे चित्रपटाचं पाऊल पडलं. पुढे गॅरेट ब्राउनने स्टेडिकॅम तयार केला, १९७६पासून तो सिनेमात दिसू लागला, आणि चालत्या माणसाच्या अंगावरचा कॅमेराही पाण्यावरून तरंगल्यासारखा जाऊ लागला. आज हातात मावणारा गिंबल तेच काम करतो. सोय इतकी झाली, की प्रत्येक शॉट तरंगताच घेण्याचा मोह होतो. तिथे चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (२०१४) आठवावा. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ दूर, रुंद चौकट धरून स्थिर उभा असतो. न्यायालयाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवे बंद होतात, तरी कॅमेरा हलत नाही. अंधार होईपर्यंत बघत राहतो. एका लोकशाहिराच्या आयुष्याचं काय होतं आहे ते त्या न हलण्यातूनच अंगावर येतं. माझं मत असं, की शिकणाऱ्याने सुरुवातीचे बरेच दिवस फक्त स्थिर शॉट घ्यावेत. चौकट नीट बांधता आली की ती कधी सोडायची ते कळतं.

आता अजिंठा.

तिथलं दहावं लेणं सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. त्याच्या भिंतीवर षड्दंत जातकाची कथा रंगवलेली आहे. चित्र इसवी सनाआधीच्या काळातलं मानलं जातं आणि आता पुष्कळ पुसट झालं आहे. सतराव्या लेण्यात, पाचव्या शतकात, हीच कथा पुन्हा रंगवली गेली. सहा सुळ्यांचा गजराज, त्याच्या दोन राण्या. एकीला वाटतं, राजाचं प्रेम दुसरीवर जास्त. ती झुरून मरते आणि सूड मनात धरून काशीच्या राणीच्या रूपाने जन्मते. आजारपणाचं सोंग करून ती त्याच हत्तीचे सुळे आणायला शिकारी पाठवते. बाण लागलेला हत्ती शिकाऱ्याला मारत नाही, आपले सुळे देऊन टाकतो. सुळे राणीपुढे येतात, आणि ते पाहून ती कोसळते.

अजिंठ्याच्या चित्रकथांचा अभ्यास करणाऱ्या विद्या देहेजिया यांच्यासारख्या कलेतिहासकारांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. इथले चित्रकार अनेकदा प्रसंग काळाच्या क्रमाने मांडत नाहीत, स्थळाच्या क्रमाने मांडतात. अरण्यात घडलेलं सगळं एकीकडे, राजवाड्यात घडलेलं दुसरीकडे. राणीची मागणी आणि तिचं कोसळणं यांच्यामध्ये कथेत कितीतरी दिवस जातात, पण दोन्ही वाड्यातले प्रसंग, म्हणून भिंतीवर शेजारी येऊ शकतात. कथा ठाऊक असलेला माणूस भिंतीपुढे उभा राहून नजर इथून तिथे नेतो आणि प्रसंग मनात जुळवतो.

ज्याने एकदाही शूटिंग पाहिलं आहे त्याला ही मांडणी ओळखीची वाटेल. सिनेमाचं चित्रीकरणही स्थळानुसारच होतं. वाड्याचे सगळे प्रसंग एका दिवसात उरकायचे, मग सामान हलवून जंगल. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी घेतला जातो आणि सुरुवातीचा शेवटच्या दिवशी. या स्थळवार ढिगाऱ्यातून काळ परत उभा करणं हे संकलकाचं पहिलं काम. अजिंठ्यात ते काम पाहणाऱ्यावर सोपवलेलं आहे. तिथे उभं राहणारा प्रत्येक जण संकलक असतो.

आणि क्रम ठरवला की गोष्ट ठरते. षड्दंताची कथा गजराणीच्या मत्सरापासून सुरू केलीत तर प्रेक्षकाला काशीच्या राणीचं मन आधीच ठाऊक असेल. शिकारी जंगलात शिरताना तो धास्तावून बसेल. तेच मागचा जन्म लपवून ठेवला, आजारी राणीपासून सुरुवात केली, आणि सुळे समोर आल्यावरच एका कटमध्ये ते जुनं सरोवर दाखवलं, तर तिचं कोसळणं कळायलाही आणि सोसायलाही जड होईल. एकही नवा शॉट न घेता दोन सिनेमे झाले. शिकणाऱ्याने ही कथा दहा कागदी चिठ्ठ्यांवर लिहावी आणि चिठ्ठ्या जमिनीवर मांडून क्रम बदलत बसावं. संगणकाला हात लावण्याआधी करायचा याहून चांगला सराव मला माहीत नाही.

दोन शॉट शेजारी आले की त्यांच्यात तिसरंच काही तयार होतं, हे रशियातच लेव्ह कुलेशोव्हने पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत दाखवलं. एका नटाचा भावहीन चेहरा त्याने सूपच्या वाडग्याशेजारी, शवपेटीशेजारी आणि एका स्त्रीशेजारी जोडला. चेहरा प्रत्येक वेळी तोच होता, पण पाहणाऱ्यांना त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली. आपल्याकडे दादासाहेब फाळके प्रयोगाने हेच मार्ग शोधत होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने एकेक चौकट टिपून चित्रित केली आणि कित्येक दिवसांचा काळ पडद्यावर काही क्षणांत उलगडून दाखवला. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. दोन वेगळ्या शॉटमधली माणसं प्रेक्षक मनाने जोडून घेतो, हा सिनेमाचा पाया त्या निवडीखाली आहे.

कट नजरेला खुपू नये यासाठी काही रूढी आहेत आणि त्या सोप्या आहेत. समजा, शहरातल्या गुलमंडीवर दोन मित्र चहा पीत समोरासमोर बोलताहेत. त्या दोघांना जोडणारी एक रेषा कल्पा आणि कॅमेरा सदैव तिच्या एकाच बाजूला ठेवा. मग एक मित्र कायम उजवीकडे बघेल, दुसरा डावीकडे, आणि वेगवेगळे घेतलेले क्लोज-अप जोडले तरी ते एकमेकांकडे पाहताहेत असं वाटेल. रेषा ओलांडली की दोघेही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि संभाषण मोडतं. दुसरं, एकाच माणसाचे दोन शॉट जोडताना कॅमेऱ्याचा कोन निदान तीस अंशांनी बदला, नाहीतर चित्र उडी मारल्यासारखं दिसतं. तिसरं, कट कृतीच्या मध्यावर द्या. पेला टेबलावरून उचलायला लागला की दूरच्या शॉटमधून निघा आणि ओठांशी पोचताना जवळच्या शॉटमध्ये या. नजर पेल्यामागे धावत असते, तिला कट जाणवत नाही. आवाजाचा कट आणि चित्राचा कट एकाच जागी असावा असंही नाही. पुढच्या प्रसंगातला रेल्वेचा आवाज आधीच्या शांत खोलीत दोन सेकंद आधी येऊ द्या, प्रेक्षक स्वतःहून स्टेशनवर पोचतो.

नियम मोडता येतात. गोदारने १९६०मध्ये ‘ब्रेथलेस’मध्ये उडीचे कट मुद्दाम ठेवले आणि ती एक शैली झाली. मोडताना कारण हवं, एवढंच.

कारणांची उतरंड वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने फार चांगली लावून दिली आहे. कट कुठे द्यायचा याचे त्याने सहा निकष सांगितले आणि त्यांत भावनेला ५१ टक्के वजन दिलं, कथेला २३, लयीला १०. नजरेचा माग आणि जागेचं सातत्य, म्हणजे नवशिके ज्यात रात्री घालवतात ते सगळं, उरलेल्या १६ टक्क्यांत बसतं. नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट या उतरंडीवर तपासून पाहा. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा कॅमेरा पूर्वार्धात गाण्यांबरोबर उधळलेला आहे. शेवटच्या प्रसंगात कुतुब इनामदार यांच्या संकलनातून हत्या आपल्याला दिसतच नाही. कट होतो, शेजाऱ्यांकडे गेलेलं मूल परत येतं, आवाज बंद पडतो, आणि रक्ताचे छोटे पावलांचे ठसे उरतात. काय दाखवायचं नाही हे ठरवण्याइतकं मोठं काम संकलकाकडे दुसरं नसतं.

तेव्हा एक करा. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. ते टाळून जा. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश कधीच मारू नका, रंगांना तो घातक आहे. ट्रायपॉड आणि ड्रोन यांना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पण पहिल्या खेपेला यांतलं काहीच नेऊ नका. फक्त वही न्या. कैलासाच्या अंगणात कुठे थांबलात, मान कधी वर केली, मागे कधी सरलात, ते लिहून काढा. सतराव्या लेण्यात नजर एका प्रसंगावरून दुसऱ्यावर कशामुळे गेली, कुणाचा हात, कुणाचं वळलेलं मस्तक तिला तिथे घेऊन गेलं, तेही लिहा. ती वही तुमची पहिली शॉट डिव्हिजन असेल, आणि दुसऱ्या खेपेला कॅमेरा कुठे लावायचा हे कुणाला विचारावं लागणार नाही.